तिकडे कोणी विचारत नाही

त्या दिवशी सारंग आमच्या घरी आले आणि ओटीवर बसले. सासूबाई बाहेर आल्या, मोठे दीर बाहेर आले. मी दाराच्या आत उभी राहिले. सारंग म्हणाले, "सुकाणी बोटीवरून उतरला. तिकडेच राहिला. तो परत येत नाही."

सुकाणी म्हणजे माझे यजमान. बोटीचं सुकाण धरणं हे त्यांचं काम, म्हणून रत्नागिरीत बंदरावर आणि आमच्या आळीत सगळे त्यांना सुकाणीच म्हणत. सारंग म्हणजे बोटीवरच्या खलाशांचे वडीलधारे. ते खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातले. कुठल्या बोटीला माणसं हवी असली की तेच आजूबाजूच्या गावांतून निवडून नेत, आणि परत आणून घरच्यांच्या हवाली करण्याची जबाबदारीही आपलीच मानत. म्हणून त्या दिवशी ते मुंबईहून आले ते आधी स्वतःच्या घरी न जाता आमच्याकडे आले. त्यांची पेटी ओटीच्या पायरीशी होती.

सासूबाई म्हणाल्या, "उतरला म्हणजे? पडला काय पाण्यात?"

"नाय वैनी. पायानं उतरला. बंदरात बोट लागली, पगार झाला, कपड्याची पिशवी घेतली आणि शिडीवरून खाली गेला. मी हाक मारली. त्यानं हात केला."

सासूबाईंनी मला पाणी आणायला सांगितलं. सारंगांसाठी आमच्याकडे वेगळा पेला होता, ओटीच्या वाशाला अडकवलेला. दर वेळी आले की ते वर बघत आणि म्हणत, "माझा पेला आहे ना जागेवर? मग घर पण जागेवर असेल." त्या दिवशी त्यांनी वर बघितलं नाही. मी पाणी ओतलं आणि आत गेले.

माझं माहेर नाटे गावचं. वडील पडावाचे तांडेल, म्हणजे मोठ्या होडीवरचे मुख्य खलाशी होते, आणि त्यांनी मला मराठी सातवीपर्यंत शिकवलं, ही त्या गावात नवलाची गोष्ट होती. लग्न होऊन रत्नागिरीत आले ती याच घरात. वर्ष-दीड वर्षाने यजमान बोटीवरून आले तेव्हा त्यांनीच घरी सांगितलं की हिला शाळेत नोकरी करू दे. सासूबाई म्हणाल्या, "सून मास्तरीण झाली तर चुलीपुढे कोण बसणार? तू?" ते म्हणाले, "मी बोटीवर भात शिजवतो, घरी पण शिजवीन." सगळे हसले, पण माझं काम झालं. मुलींच्या शाळेत मला खालचे वर्ग मिळाले, पुढे भूगोलही मिळाला. हे मी यासाठी लिहिते की ते वाईट होते असं कोणी समजू नये. ते मुळीच वाईट नव्हते. वाईट असते तर पुढचं सगळं मला सोपं गेलं असतं.

बोटीवरचा करार संपला की ते चार-सहा महिने घरी असत. संध्याकाळी घरापुढच्या खळ्यात माणसं जमत. शेजारची काकी, तिच्या सुना, समोरचा सुतार, कधी सारंग. यजमान जोत्यावर बसून परदेशच्या गोष्टी सांगत. त्यांना सांगण्याची हातोटी होती. एखादा देश घेतला की पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचा असा त्यांचा प्रकार नव्हता. ते दोन देश शेजारी ठेवत. जपानची माणसं आपल्यासारखीच चपला बाहेर काढतात आणि पाय धुऊन घरात येतात, पण मनातलं बोलत नाहीत. मार्सेलची माणसं मनातलंच काय, पोटातलंही बोलतात. तिथल्या कोळणी बाजारात भांडायला लागल्या की अगदी मिरकरवाड्यात उभं असल्यासारखं वाटतं, फक्त शिवी कळत नाही. डर्बनला आपलीच माणसं उसात राबतात आणि बागेतल्या बाकड्यावर बसायला गेली तर उठवतात. आणि विलायतेतलं ते कोळशाचं बंदर. तिथे त्यांची बोट सगळ्यांत जास्त वेळा लागे, म्हणून त्याच्याबद्दल ते सगळ्यांत जास्त सांगत.

"तिकडे बायका पाणी कुठून आणतात रे?" काकीने एकदा विचारलं.

"आणतात कशाला? घरात नळ. कान पिळला की पाणी."

"कोणाचा कान?"

"नळाचा गो काकी. तुझ्या घोवाचा नाय."

काकीने पदर तोंडाला लावला. सासूबाईंनी विचारलं, "आणि मागीलदारी काय?"

"मागीलदार नाय. घराला घर चिकटलेलं. दोन घरांमधे भिंत एकच."

"मग बरं. शेजारणीनं हाक मारली की लगेच ऐकू येत असेल."

"हाकच मारत नाय कोण," ते म्हणाले. "तिकडे कोणी विचारत नाय."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. तिकडे नळ आहे, रस्त्यावर दिवे आहेत, कोळसा उपसणारा मजूरसुद्धा सकाळी वर्तमानपत्र वाचतो, रविवारी त्याला सुट्टी असते, त्याची पोरं शाळेत जातात, बायको एकटी बाजारात जाते आणि तिच्याकडे कोणी वळून बघत नाही. हे सगळं ते मनापासून, कौतुकाने सांगत. आणि मग हळूच तागडीतलं माप उचलून आपल्या बाजूला टाकावं तसं म्हणत, पण तिकडे कोणी विचारत नाही. त्याच्या पुष्ट्यर्थ एक गोष्ट होती. त्या बंदरातल्या एका गल्लीत एक म्हातारा आपल्या घरात मेला. शेजाऱ्यांना पत्ता नाही. दूधवाला दारात बाटल्या ठेवून जात होता. बाटल्या साठल्या, तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं. त्याला न्यायला पैसे देऊन माणसं आणली. काळे कपडे घातलेली, ओळख ना पाळख, पण तोंडं दुःखाची केलेली.

"शिव शिव," काकी म्हणायची. "पैसे देऊन खांदा?"

"आणि आपल्याकडे?" यजमान म्हणत. "आपल्याकडे माणूस नुसता खोकला तरी पलीकडच्या आळीतून काढा येतो. नळ काय, आज ना उद्या इकडे पण येईल. पण ही माणसं तिकडे कुठून आणतील?"

मग सगळ्यांना बरं वाटे. आम्ही गरीब होतो, आमच्या घरांना कुडाच्या भिंती होत्या, दर पावसाळ्यानंतर हिवतापाने घरटी एक तरी माणूस अंथरूण धरी, पण एका मोठ्या परीक्षेत आम्ही पहिले आलो होतो असं वाटून माणसं उठून आपापल्या घरी जात.

मला मात्र तो नळ दिसत राही. आमची विहीर घाटीच्या खाली होती आणि पाण्याचे हंडे मीच वर आणत असे, शाळेच्या आधी आणि शाळेनंतर. मी गावातल्या वाचनालयातून प्रवासाची पुस्तकं आणून वाचत असे. त्यांत लिहिलेलं आणि यजमान सांगत ते बरंचसं जुळे. काही ते सांगत नसत. तिथे बाळंतपणाला शिकलेली नर्स घरी येते, हे मी पुस्तकात वाचलं. आमचं एकुलतं मूल जन्मताच गेलं होतं आणि सुईणीने हात तेव्हा धुतले होते जेव्हा सगळं होऊन गेलं होतं. मी त्यांना विचारलं, हे खरं का. ते म्हणाले, खरं असेल, मी बाळंतिणीच्या खोलीत कशाला जातोय.

एकदा मी त्यांना म्हटलं, "मला एकदा तिकडे घेऊन चला. राहायला नाही. बघायला."

ते हसले. "बोट म्हणजे काय बैलगाडी आहे, बायकोला मागे बसवायला?"

"पैसे साठवू."

तेव्हा मात्र ते हसायचे थांबले. त्यांनी मला समजावून सांगितलं. आवाज अगदी मऊ होता. म्हणाले, "तुला तिकडे करमणार नाही. तू शाळेत जातेस तेव्हा वाटेत किती जण बोलतात तुझ्याशी? तिकडे दार लावलं की तू आणि चार भिंती. तू आजारी पडलीस आणि मी बोटीवर असलो तर? त्या म्हाताऱ्यासारखी पडून राहशील. मी दुनिया बघितली आहे. ऐक माझं. आपलं आहे ते सोन्यासारखं आहे."

मी ऐकलं. पुढे कधी तो विषय काढला नाही. इतकंच नाही, वर्गात विलायतेचा धडा आला की मी मुलींना ती दुधाच्या बाटल्यांची गोष्ट सांगू लागले. पुस्तकात लोकर, कोळसा, लोखंड एवढंच असे. मी त्याला जोडून सांगे की तिथे शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. एक मुलगी म्हणाली, "मग बाई, त्यांच्याकडे स्वयंपाक करताना मीठ संपलं तर?" घरी आल्यावर मी ते यजमानांना सांगितलं, आणि त्या वेळच्या मुक्कामात ते खळ्यात बसणाऱ्या प्रत्येकाला माझ्या वर्गातल्या त्या मुलीचं बोलणं सांगत राहिले.

सारंग सांगून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी देवीला कौल लावायचा ठरवला. आमच्याकडे कुठलीही मोठी गोष्ट कौल घेतल्याशिवाय होत नाही. गुरव देवीच्या दोन्ही अंगांना पाण्यात बुडवलेली फुलं चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे डोळे लावून बसतात. उजवीकडचं आधी पडलं तर देवीचा होकार. गुरवाने विचारलं, "आई, तुझं लेकरू परमुलखात आहे, ते सुखरूप आहे ना? तसं असेल तर उजवी दे." बराच वेळ काहीच झालं नाही. मग उजवीकडचं फूल घरंगळलं. सासूबाई रडल्या. घरी येताना भेटेल त्याला सांगत होत्या, देवीनं उजवी दिली, माझा झील येतो.

गुरवाने विचारलं होतं सुखरूप आहे का. येईल का, असं कोणी विचारलंच नव्हतं. ते त्या दिवशी माझ्याही लक्षात आलं नाही. आमच्यात कोणाच्याच मनात ते दोन प्रश्न वेगळे नव्हते. माणूस सुखरूप असला तर घरी येणारच, न यायला त्याला काहीतरी झालेलं असलं पाहिजे, अशी आमची सगळ्यांची समजूत. देवीने खोटं सांगितलं नव्हतं.

कौलानंतर वाट बघणं सुरू झालं. मुंबईहून आगबोट आली की उतारूंना घेऊन मांडवीच्या धक्क्याला पडाव लागत, आणि आमच्या घरातलं कोणी ना कोणी तिथे असेच. पावसाळ्यात आगबोटी बंद झाल्या तेव्हा मला हायसं वाटलं. माझ्या कपाळावर कुंकू होतं, हातात काकणं होती, शाळेत मला कोणी काही विचारत नव्हतं. म्हणजे बाहेर बायका विचारत होत्या, रोजच विचारत होत्या. "काय गो, पत्र आलं?" विहिरीवर, वाटेवर, देवळात. चांगल्या मनाने विचारत. मी "येईल" म्हणायची.

सारंग मधे एक सफर करून आले. मिठाची चळवळ झाली त्याच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. त्यांनी दिरांना आणि सासूबाईंना ओटीवर बसून काय ते सांगितलं: यजमान विलायतेतल्या त्या कोळशाच्या बंदरातच आहेत, गोदीवर काम करतात, एका बाईच्या घरी राहतात. ती बाई विधवा आहे. खलाशांना खोल्या देते. आता बाकीच्यांना देत नाही. एवढ्यावर सासूबाई उठून आत गेल्या.

मला सारंग शाळेतून परतताना वाटेत भेटले. मुद्दामच थांबले असावेत. वाटेच्या कडेच्या दगडी गडग्याला टेकून उभे होते. मी म्हटलं, "काही निरोप आहे का?"

"निरोप नाय, बाय."

"काहीच बोलले नाहीत?"

त्यांनी खाडीकडे तोंड केलं. मग म्हणाले, "बोलला. मी त्याला शिव्या घातल्या. म्हटलं, मेल्या, घर आहे, आई आहे, शिकलेली बायको आहे, तुला इथे काय मिळालं? पाऊस आणि धूर. तर म्हणाला, चाचा, इथे कोणी विचारत नाय. संध्याकाळी दार लावलं की माझं मी. इथे सुख आहे ते ह्याच्यातच आहे."

मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. त्यांनी पुन्हा तसंच सांगितलं. त्यांना वाटलं असेल मला ऐकू आलं नाही.

त्या बाईचं मला त्या वेळी विशेष काही वाटलं नाही, हे आज लिहिताना कोणाला खरं वाटणार नाही. बोटीवरच्या माणसांच्या बायका काही गोष्टी आधीपासूनच मनात धरून असतात. मला लागलं ते ते वाक्य. इतकी वर्षं आमच्या खळ्यात बसून ते ज्या गोष्टीला त्या देशाचं व्यंग म्हणत होते, तेच त्यांना हवं होतं. जोत्यावर बसून सांगत होते तेव्हाही हवं होतं. आम्ही दहा माणसं तोंडाकडे बघत बसलेलो, काकी विचारते आहे, आई विचारते आहे, मी विचारते आहे, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे ती दार लावलेली खोली. मला न्यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं होतं. मी रडले असते आणि विसरले असते. पण त्यांनी मला तो देश नकोसा करून ठेवला, आणि आपल्यासाठी राखून ठेवला. त्यांनी आमच्या गावाची केलेली ती सगळी स्तुती मला आत बसवून बाहेरून घातलेल्या कडीसारखी वाटू लागली.

विलायतेचा धडा त्या वर्षी पुन्हा आला. मी कोळसा, लोकर, लोखंड एवढंच शिकवलं.

मोठ्या दिरांची मुलगी लग्नाच्या वयाला आली होती. दापोलीकडचं एक स्थळ चांगलं होतं. त्यांच्याकडून विचारणा झाली की मुलीच्या काकाबद्दल काही ऐकलं ते खरं का. दुसऱ्या स्थळाकडूनही तसंच झालं. समुद्र ओलांडून जाण्याचं आमच्यात कोणाला काही वाटत नसे, निम्मं गाव बोटीवर होतं. पण मड्डम ठेवली म्हणजे घर बुडालं. एका सकाळी दिरांनी सासूबाईंना माजघरात बोलावलं. मी चुलीपाशी होते. दिरांच्या समोर मी कधी बोलत नसे, तशी पद्धत नव्हती, त्यामुळे ते जे बोलले ते सासूबाईंना बोलले, आणि मी ऐकावं म्हणून मोठ्याने बोलले.

"तो गेला असं धरायचं. बोटीवरच गेला. प्रेत समुद्रात सोडलं. पळसाच्या पानांचा पुतळा करून भाट्याच्या किनाऱ्यावर अग्नी देऊ. भटजींशी बोललोय."

मी सासूबाईंना म्हटलं, "आई, सारंगांनी त्यांना डोळ्यांनी बघितलंय. ते जिवंत आहेत."

दीर सासूबाईंना म्हणाले, "तिला विचार, कोणासाठी?"

मी म्हटलं, "आई, देवीनं उजवी दिली होती. तुम्हीच सांगत होतात."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सूप त्यांनी खाली ठेवलं नाही. म्हणाल्या, "मेलेला बरा गो. मेलेल्याचं नाव तरी घेता येतं."

मला कोणी विचारलं नाही. ज्या गावात माणसं सगळं विचारतात, त्या गावात हे कोणी विचारलं नाही की तुला चालेल का. सारंगांच्या मोहल्ल्यात दीर स्वतः जाऊन आले. ते काय बोलले ते मला माहीत नाही, पण सारंगांनी पुढे कधी कोणापुढे तोंड उघडलं नाही.

पुतळा मी बघितला. पळसाची पानं दर्भाने बांधून त्याचे हातपाय केले होते आणि डोक्याच्या जागी नारळ ठेवला होता. आमच्याच मागीलदारचा नारळ. तो तिरडीवर ठेवून चार जणांनी उचलला. शेजारच्या काकीचा मुलगा, समोरचा सुतार, आणखी दोघे. हलका होता, पण ते खऱ्या माणसाला न्यावं तसे सावकाश चालत गेले. मग बायकांनी मला विहिरीवर नेलं. काकणं फोडली, कुंकू पुसलं. ज्या बाईने पुसलं ती माझ्या गळ्यात पडून खरी रडत होती. केस राखता आले ते शाळेमुळे. सासूबाईच म्हणाल्या की हिला पोरींसमोर उभं राहायचं असतं.

आणि मग सुतकाच्या दिवसांत, ते जे जे सांगत असत ते सगळं खरं झालं.

आमच्या घरात चूल पेटायची नव्हती. सकाळी एका घरून पेज आली, दुपारी दुसऱ्या घरून पिठलं-भात, संध्याकाळी तिसऱ्या घरून. ज्या घरात स्वतःलाच पुरेसं नव्हतं तिथूनही आलं. माझ्याकडून पाण्याचा हंडा काढून घेतला. काकीच्या सुनांनी आळीपाळीने पाणी भरलं. सुताराने न सांगता गळणारी पन्हळ दुरुस्त केली. वर्गातल्या मुली आयांबरोबर येऊन ओटीवर ओळीने बसल्या आणि घाबरून माझ्या कपाळाकडे बघत राहिल्या. नाट्याहून माझा भाऊ आला. मिरजोळ्याहून आमच्या दूरच्या नात्यातली एक म्हातारी चालत आली, तिला नीट दिसतही नव्हतं. कोणी ना कोणी सतत माझ्याजवळ बसून असे. हे सोंग नव्हतं. खोट्या मरणाला आलेली ती सगळी माणसं खरी होती.

काकी माझा हात धरून म्हणाली, "इथं असता तर निदान मांडीवर डोकं घेतलं असतं गो. तिकडे कोण होतं त्याला? पाणी तरी घातलं असेल का कोणी तोंडात?"

मी मान खाली घातली. त्या वेळी तिकडे सकाळ असेल, ते चहा पीत असतील, आणि दार लावलेलं असेल, असा विचार माझ्या मनात आला. काकीला वाटलं मला हुंदका आला. तिने मला जवळ घेतलं.

सारंगही आले. पुरुषांत जाऊन बसले. कोणी काही विचारलं की मान हलवत. निघताना मागच्या बाजूला आले, मी तिथे एकटी बसले होते.

"बाय," ते म्हणाले, "बोट परत तिकडेच जायची आहे. त्याला सांगू काय?"

"काय सांगाल?"

"हेच. की इथे तो नाही आता."

मी विचार केला. मला वाटलं, हे ऐकलं तर त्यांना काहीतरी होईल. लाज वाटेल, राग येईल, कदाचित ते उठून येतील, नुसते हे मोडून काढायला येतील. मेलेला माणूस पडावातून मांडवीला उतरताना मला दिसला. मी म्हटलं, "सांगा. काय काय झालं ते सगळं सांगा. माझं पण सांगा."

पुतणीचं लग्न त्या हंगामात झालं. मंडपात मी पुढे गेले नाही. मी सारंगांची वाट बघत होते, हे कोणाला माहीत नव्हतं. एवढी वाट मी आधीच्या त्या सगळ्या वर्षांतही बघितली नव्हती.

ते आले ते आमच्या घरी आले नाहीत. शाळेच्या वाटेवर थांबले. म्हातारे दिसत होते. मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"सांगितलं. सगळं सांगितलं. पुतळ्याचं, नारळाचं, तुझं. त्यानं विचारलं, कोण कोण आलं होतं?"

"कोण कोण आलं होतं?"

"हां. म्हटलं सगळे आले. नावं विचारली, नावं सांगितली. काकीचं सांगितलं, सुताराचं सांगितलं. मिरजोळ्याची म्हातारी चालत आली म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्या बाईला बोलावून तिच्या भाषेत तिला सांगायला लागला. मला थोडं कळतं. तिला म्हणत होता, बघ, आमच्या गावची माणसं अशी असतात."

"आणि माझं?"

सारंगांनी गडग्यावरचा एक चिरा हलत होता तो नीट बसवला.

"तुझं ऐकलं त्यानं," ते म्हणाले. "पण बोलला नाय काय."

मी घरी आले. सासूबाईंना काही सांगितलं नाही. त्यांना सांगण्यासारखं काय होतं? त्यांचा मुलगा सुखरूप होता आणि आपल्या गावाचं कौतुक करत होता. त्या घरातही कदाचित संध्याकाळी कोणी जमत असेल, आणि ते आमचं गाव आणि त्यांचं गाव शेजारी ठेवून सांगत असतील. माझी काकणं फुटली तेव्हा माणसं चालत आली होती, तेही त्यात येत असेल. फक्त मी त्यात नसेन.

कुठला देश चांगला, हे मला शाळेतल्या मोठ्या मुली अजून विचारतात. त्यांच्यातल्या काहींचे भाऊ, वडील बोटीवर आहेत आणि घरी येऊन तेच सांगतात जे मी ऐकलं होतं. मी त्यांना एवढंच सांगते की सांगणारा माणूस कुठे राहणार आहे ते आधी बघावं. त्या हसतात. त्यांना वाटतं बाई थट्टा करतात.

सासूबाई गेल्या. घर दिरांचं आहे, मी मागच्या पडवीत राहते. सारंगांना आता डोळ्यांनी दिसत नाही आणि ते बोटीवर जात नाहीत, त्यामुळे यजमान हयात आहेत की नाहीत हे मला सांगणारं कोणी नाही. दर वर्षी पितृपक्षात दीर त्यांच्या नावाने पिंड ठेवतात. त्यांचं पान मी वाढते.